सुवा नावाचा पक्षी

बाबा, तो पक्षी नव्हता.

एवढं लिहून थांबले असते तरी चाललं असतं, कारण पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक नव्हतं ते मला. मी आता निवृत्त झालेली, गुडघे धरून जिना उतरणारी, लोकांना नको असलेलं खरं तोंडावर सांगणारी बाई आहे. आणि जेद्दातल्या एका दिवाणखान्यात, पंधरा-वीस माणसांसमोर, पोरांच्या हातात शराफियाच्या बाजारातून आणलेले समोसे असताना, मला ते कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं म्हणजे रिकाम्या खुर्चीशी बोलणं. पण त्याची मला सवय आहे. हॉस्पिटलच्या मीटिंगांमध्ये मी नोकरीभर तेच केलं.

मी जेद्दात काय करते, हे तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या हयातीत मी जेमतेम इथे आले होते आणि तुम्ही पत्रात 'वाळवंटात पक्षी असतात का' एवढंच विचारलं होतं. इथल्या सरकारी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी आयुष्य काढलं. यजमान गेले, मी निवृत्त झाले, पुण्याला परत गेले, तिथे माझं कुणाशी पटेना, तेव्हा मुलाने मला इथे आणलं. पूर्वी तो माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर होता, आता मी त्याच्या इकाम्यावर आहे. कागदोपत्री मी त्याची अवलंबित. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी काऊंटरवरच्या माणसाला ऐकवणार होते, पण मुलगा म्हणाला, "आई, खलास, झालं आता. सही कर आणि चल." मी सही केली. पक्षी आहेत, हे मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. समुद्रावर कुरव आहेत, खजुरांवर बुलबुल आहेत, आणि कुणीतरी पिंजऱ्यातून सोडलेल्या पोपटांची आता इथे टोळीच झाली आहे.

तर झालं असं. आमच्या ओळखीतल्या चार मराठी कुटुंबांनी सुट्टीत कुमाऊंला जायचं ठरवलं. इथल्या शाळांना सुट्टी जुलैत लागते, म्हणजे हे शहाणे ऐन पावसात हिमालय बघणार. पण ते राहू द्या. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही तिकडेच शिकलात ना? मुलांना थोडे पक्षी ओळखायला शिकवा. नाहीतर ही पोरं हॉटेलच्या खोलीत वायफाय शोधत बसतील." मला आनंद झाला, हे कबूल करते. निवृत्त माणसाला कुणी काही विचारलं की तो लगेच कपाटातून इस्त्रीचे कपडे काढतो. मी टीव्हीवर दाखवायला चित्रं जमवली, साडी नेसले, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना बसवून तुमच्याच पद्धतीने सुरुवात केली. नाव विचारायचं नाही. नाव शेवटी. आधी बघा, तो बसलाय कुठे? जमिनीवर, फांदीवर, की खोडाला चिकटून? खोडावरून डोकं खाली करून उतरत असेल तर नटहॅच. दुसरा एक तपकिरी असतो, ट्रीक्रीपर, तो जिना चढल्यासारखा गोल गोल वरच जातो, उतरत नाही. शेंडी पुढे झुकलेली, गाल पांढरे, बूड पिवळं, तो हिमालयन बुलबुल. चहाच्या टपरीवरही दिसेल, त्याच्यासाठी गाइडला पैसे देऊ नका. पाणी वाहतंय तिथे दगडावर पांढरी टोपी घालून शेपटी वरखाली करणारा थिरथिरा. मोरचुदाच्या रंगाचा, तारेवर बसून माशा पकडणारा फ्लायकॅचर. भिंतीच्या कडेने उंदरासारखी पळणारी, पट्ट्यापट्ट्यांची लाफिंगथ्रश. निळा, लांबलचक शेपटीचा मॅगपाय, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पतंगासारखा जाणारा. आणि निखार: तांबडाभडक दिसला तर नर, पिवळा दिसला तर मादी, दोघं एकाच झाडावर असतात, दोन वेगळे पक्षी समजून फसू नका. पोरं फसायला तयारच होती. नातीने हात वर करून विचारलं, "आजी, देन हाऊ डू दे नो दे आर मॅरिड?" मी म्हटलं, "दे डोन्ट. दॅट इज व्हाय दे आर हॅपी." सगळे हसले. माझं व्याख्यान रंगलं होतं, बाबा. तुम्ही असतात तर मागे बसून डोळे मिटून ऐकलं असतंत.

शेवटी मी म्हटलं, आता एक पक्षी असा, ज्याचं चित्र माझ्याकडे नाही. पुस्तकांतही मला तो सापडला नाही. तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. बांजाच्या, म्हणजे तिकडच्या ओकच्या दाट जंगलात, वरच्या अंगाने, सकाळचं धुकं उठताना. त्याला तिकडे सुवा म्हणतात. आणि मी दोन्ही तळवे तोंडाशी धरून तो आवाज काढला. आधी छोटा 'ओ', मग लांब चढत जाणारं 'सुवाऽऽ', आणि शेवटी एकदम खाली सोडून दिलेलं. लहानपणापासून मला तो उत्तम येतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी त्यावर बक्षीस मिळवलंय.

समोरच्या फ्लॅटमधली बाई त्या दिवशी आली होती. ती मूळची कुमाऊंतली, अल्मोड्याकडची, इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते, हुशार आहे, आगाऊ नाही. ती एकदम खळखळून हसली आणि मग तिने तोंडावर हात धरला.

"आंटी, ये आपने कहाँ सुना?"

"जंगल में. मेरे फादर ने पहचान करवाई थी. बहुत शाय बर्ड है."

"आंटी, सुवा तो हमारे यहाँ तोते को बोलते हैं."

"तोता ऐसे नहीं बोलता," मी ठणकावलं. पोपट कसा ओरडतो हे मला कुणी जेद्दात बसून शिकवावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"नहीं आंटी, तोता नहीं बोल रहा." ती लाजली, इकडेतिकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाली, पण खोली तोवर इतकी शांत झाली होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "ये तो कोई औरत बुला रही है. अपने आदमी को. प्यार से सुवा बोलते हैं ना. मेरी नानी के ज़माने में घास काटने जाती थीं तो एक पहाड़ से दूसरे पहाड़ ऐसे ही आवाज़ लगाती थीं. आपने एकदम सही निकाली, आंटी. मेरे तो रोंगटे खड़े हो गए."

"सो इट मीन्स 'ओ डार्लिंग'?" नात किंचाळली. "आजी! यू वेअर डुइंग 'ओ डार्लिंग'!"

मग जे हसू उसळलं ते थांबेना. मीही हसले. कॉन्व्हेंटने मला दोन गोष्टी शिकवल्या, काटा-चमचा आणि प्रसंगी हसणं. त्या संध्याकाळी दोन्ही उपयोगी पडल्या. मी शेजारणीला आणखी एक समोसा वाढला, मुलांना विचारलं की थिरथिऱ्याची टोपी कुठल्या रंगाची, आणि सगळे गेल्यावर सूनबाई नको नको म्हणत असताना सिंकमधली सगळी भांडी घासली. मुलगा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, आजोबांना मजा वाटली असेल तुझी. लहान होतीस तू." मी म्हटलं, "हो." आणि कढई घासत राहिले. डोक्यात मात्र एकेक रविवार उलटा चालत यायला लागला होता.

रविवारी चर्चमधला मास संपला की तुम्ही बोर्डिंग शाळेच्या पार्लरमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत, येऊन बसता. अंगात तो खाकी कोट, गळ्यात दुर्बीण, पायांत खात्याने दिलेले बूट. तुम्ही डोंगरात रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात इंजिनीअर, शाळेच्या मागच्या डोंगराला वळसा घालून तुमचा रस्ता वर चाललेला. आई चिपळूणला, आजोबा अर्धांगाने अंथरुणावर म्हणून तिला निघता येत नाही, धाकटा भाऊ तिच्यापाशी. मी नऊ वर्षांची, त्या शाळेतली एकटीच मराठी मुलगी. मदर सुपीरियर वहीत लिहिण्यासाठी विचारते, "पर्पज ऑफ आऊटिंग?" आणि तुम्ही तुमच्या त्या सरळ, जाड इंग्रजीत सांगता, "बर्ड-वॉचिंग, मदर." ती माझी रिबन नीट करते आणि म्हणते, "यू आर अ लकी चाइल्ड." बाकीच्या मुलींचे बाप वर्षातून एकदा येत, कारने, चॉकलेटं घेऊन. माझे बाबा दर रविवारी चालत येत. मी खरोखरच स्वतःला भाग्यवान समजत होते.

मग आपण बांजाच्या जंगलातून वर चढतो. तुम्ही शिकवता, आणि चांगलं शिकवता. ते मी तुमच्यापासून काढून घेणार नाही. सकाळी काळोख्या ओढ्याशी शीळ ऐकू येते, तुम्ही म्हणता, याचा भाऊ आपल्या सह्याद्रीत असतो, कस्तूर, हा त्याचा पहाडी थोरला. पांढऱ्या गळ्याच्या लाफिंगथ्रशची झुंड खाली पाचोळा उडवत जाते, तुम्ही मला त्यात सामील झालेली वेगळी पाखरं शोधायला लावता. डोंगरी तांबट दरीपलीकडून रडल्यासारखा हाका घालतो. आणि मग, कुठल्याशा वळणापुढे, वरून तो आवाज येतो. ओ सुवाऽऽ. तुम्ही बोट वर करता. "ऐकलंस? हा सुवा. फार लाजरा. दोघं गेलो तर उडून जाईल. तू इथे बस, अजिबात हलू नकोस, मी वर जाऊन दिसतो का बघतो." मी दुर्बीण घेऊन एका बांजाखाली बसते. तुम्ही जाता. मी हलत नाही. मुंग्या पायावर चढतात, मी हलत नाही. हळूहळू पक्षी मला झाडाचाच भाग समजून जवळ येतात. काळा टाय बांधलेली टिट माझ्या बुटापासून हातभर अंतरावर किडे टिपते, सुतार डोक्यावर ठोकत बसतो. खूप वेळाने तुम्ही परत येता, घामेजलेले, खूष. "नाही दिसला. उडाला." मी तुमची समजूत घालते, बाबा. मी म्हणते, पुढच्या रविवारी दिसेल.

माझा लॅबमधला संयम हा सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होता. केरळच्या टेक्निशियन मुली म्हणायच्या, डॉक्टर मॅडम एका स्लाइडवर अर्धा तास बसू शकतात, पापणी हलत नाही. मी त्यांना सांगायचे, हे माझ्या वडिलांनी शिकवलं, हिमालयात, झाडाखाली. अभिमानाने सांगायचे. आता मला कळतंय की तो अभ्यासक्रम वगैरे काही नव्हता. तुम्हाला मी तिथे बसून राहायला हवी होते, एवढंच. मी तुमची सबब होते. मदरच्या वहीत लिहिलेली, रिबन बांधलेली, दुर्बीण हातात घेतलेली सबब. पहाडातल्या गावात नुसता एकटा इंजिनीअर दर रविवारी वरच्या वाडीकडे निघाला असता तर चार लोकांनी माना वळवल्या असत्या. पोरीचा हात धरून जाणाऱ्या बापाकडे कोण बघतं?

मी तुमच्या बाजूने बोलून पाहिलं नाही असं समजू नका. एका पेशीवरून मी कधी कॅन्सरचा रिपोर्ट दिला नाही. तुमच्या बाबतीत कसा देईन? कदाचित तुम्हालाही तो पक्षीच वाटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तुम्ही तिथे माझ्या आधीपासून होता, मजुरांशी त्यांच्या बोलीत भांडत होता, हसत होता. पोपटाला काय म्हणतात हे तुम्हाला माहीत नसेल? मग म्हटलं, निदान मला गोष्ट सांगून टाळलंत, वर जाऊन चहा प्यायलात, एवढंच असेल. तेव्हा ते काफळ आठवले, तिकडचं रानफळ. मे महिन्यात तुम्ही वरून माझ्यासाठी काफळ आणायचात, लालबुंद, आंबटगोड, पानाच्या द्रोणात. "तुझ्यासाठी तोडून आणले," म्हणायचात. त्यावर मीठ लावलेलं असायचं. हिरवं मीठ, बाबा. कोथिंबीर आणि लसूण घालून पाट्यावर वाटलेलं, मोहरीच्या तेलाचा थेंब दिलेलं. जंगलात पाटा-वरवंटा घेऊन कोण बसलं होतं? आणि त्यात मिरची नसायची. पोरीला तिखट लागेल, हे त्या वाटणाऱ्या हाताला कुणीतरी सांगितलं होतं. माझी चव, माझं तिखट न सोसणं, हेही तुम्ही वर नेऊन सांगत होतात तर! मी बोटं चाटून खाल्लं ते सगळं. इतकं चांगलं मीठ मी पुन्हा कधी खाल्लं नाही, म्हणून तर जास्त चीड येते.

आणि तो एक रविवार. मी अकरा वर्षांची असेन. तुम्ही सारखे रिकाम्या हाताने परत येता याचं मला वाईट वाटायचं, म्हणून तुम्ही खाली उतरलात तसं मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "बाबा, मी सुवा पाहिला!" तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरलात की नंतर वळ उठले. "कुठे पाहिलास? केव्हा? तू वर आली होतीस?" मी घाबरून सांगितलं, इथेच, या फांदीवर, लाल डोकं होतं, लांब शेपटी होती. तुम्ही श्वास सोडलात. हात सैल झाला. आणि मग तुम्ही मला जे सुनावलंत ते आजतागायत माझ्या हाडांत आहे. "न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नाही. कधीच नाही. खोटा पक्षी सांगणाऱ्या माणसाचा खरा पक्षीही कुणी मानत नाही." शाळेत परत येईपर्यंत मी रडत होते. तो धडा मी इतका मनावर घेतला की त्यावर माझं सगळं काम उभं राहिलं. मोठमोठे सर्जन फोनवर ओरडायचे, "डॉक्टर, लिहून टाका हो, दिसतंय ना?" मी म्हणायचे, मला दिसलं नाही, मी लिहिणार नाही. एकदा एका मोठ्या घरच्या पेशंटसाठी वरून दबाव आला तेव्हाही नाही लिहिलं. तुमचं वाक्य होतं ते. आणि ते वाक्य तुम्ही म्हणालात तेव्हा तुमच्या खिशात तिच्या घरचे अक्रोड होते, उतरताना तुम्हीच ते मला फोडून दिलेत. घोटाळा तुम्ही केलात आणि रात्रभर उशी ओली करून पश्चात्ताप मी केला. याला काय म्हणायचं ते इंग्रजी, मराठी आणि आता हिंदीतही शोधून पाहिलं. तुम्हाला लागू पडेल असा सभ्य शब्द मिळाला नाही.

आता उरली आई. ती अजून आहे, बाबा. पुण्याला, भावाकडे. कानात मशीन आहे, दात आहेत ते स्वतःचे आहेत, आणि जीभ माझ्याहून तिखट आहे. दर शुक्रवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल करते. ती फोन असा धरते की मला तिचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. त्या व्याख्यानानंतरच्या शुक्रवारी मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. विचारावं की नाही? या वयात तिला हे कळून काय मिळणार? आणि तिला माहीत नसेल तर मी कोण तिचा संसार उकरणारी? पण मला राहवेना. मी ठरवलं, अर्थ सांगायचा नाही, नुसता शब्द विचारायचा. तेवढ्यावरून ओळखेन. इतकी वर्षं मी डाग बघून रोग ओळखले आहेत.

"आई, सुवा म्हणजे काय गं?"

पंखा फिरत राहिला. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा मोठ्याने विचारणार तेवढ्यात कपाळ खाली सरकलं आणि बऱ्याच दिवसांनी मला तिचे डोळे दिसले.

"कुणी सांगितलं तुला?"

"शेजारीण आहे इथे. तिकडची."

"बरं झालं बाई. मला वाटत होतं, मी गेल्यावर कळतंय की काय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तूच तर सांगितलंस."

"मी? मी कधी सांगितलं?"

"पहिल्या सुट्टीत आलीस ना, थंडीत. केवढीशी होतीस. आल्याबरोबर सुरू, आई, मला एका पक्ष्याचा आवाज येतो. दुपारची वेळ, जेवणं झालेली, हे आत आडवे झालेले. तू अंगणात उभी राहून तोंडाशी हात धरून ती हाक मारलीस." दातांत काहीतरी अडकल्यासारखं तिने तोंड केलं. "तर आतून हे 'आलो' म्हणाले. झोपेत. नुसतं म्हणाले नाहीत, उठून बसले, पाय चपलांत घालायला लागले. मी दारात उभी. ताक केलं होतं, हात ओले माझे. डोळे उघडले आणि मी दिसले त्यांना. म्हणाले, 'स्वप्न पडलं.' मी म्हटलं, 'पडू दे.'"

आई थांबली नाही. साठून राहिलेलं होतं ते.

"अशी हाक पाखरू मारत नाही, एवढं मला कळत होतं. मी कॉन्व्हेंटात नव्हते शिकले. आणि यांनी मला लग्न झाल्यापासून कधी झोपेत ओ दिली नव्हती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? मामंजी अंथरुणावर. यांच्याशी बोलले असते तर हे शरमेने बदली मागून घरी आले असते. तूही आली असतीस. मग गावातली शाळा आणि सतराव्या वर्षी लग्न, माझ्यासारखंच. मी हिशेब केला. एक जण तरी शिकेल म्हटलं."

"आई, पण मला तरी पुढे सांगायचंस. मी डॉक्टर झाले, मला मुलगा झाला, मी जगाला सांगत फिरले त्या पक्ष्याबद्दल. दोघांनी मिळून मला मूर्ख ठेवलंत."

"मूर्ख कशाने? परीक्षेत पहिली यायचीस की."

"तो विषय वेगळा."

"आणि खरं सांगू?" आईचे डोळे एकदम बारीक झाले, लहान मुलीसारखे. "मला नव्हतं थांबवायचं तुला. त्या सुट्टीभर तू रोज दुपारी ओरडायचीस आणि यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ताटावर बसले की घास अडकायचा. मीच म्हणायचे तुला, जरा मोठ्याने काढ गं, आजोबांना ऐकू दे."

हे मला आठवत होतं, बाबा. आई मला अंगणात बोलावून म्हणायची, पुन्हा कर, छान करतेस. माझ्या पाखरांत तिला रस आहे याचं मला केवढं कौतुक वाटलं होतं. तर वरच्या जंगलात मी तुमची सबब होते आणि खालच्या अंगणात तुमची शिक्षा. दोघांनी मला आपापल्या कामाला लावलं आणि दोघांनीही मला शाबासकी दिली. तुम्ही दोघं एकमेकांना शोभत होतात. मी तिला म्हटलंही तसं, चांगलं खडसावून. तिने मशीन कानातून काढल्याचं नाटक केलं.

त्या बाईबद्दल मला विचारायचं होतं, पण आईला विचारण्यासारखं ते नव्हतं. शेजारीण म्हणाली, आंटी, मी सुट्टीत जातेय, गावाचं नाव सांगा, चौकशी करते. मी तिला नाही म्हटलं. मला त्या बाईचं नाव नको, तिची कहाणी नको. उद्या ती चांगली निघाली तर मी रागवायचं कुणावर? तिने मला मिरची नसलेलं मीठ वाटून पाठवलं, याहून जास्त मला तिच्याबद्दल समजायला नको. जे माझं होतं, किंवा माझं आहे असं मी समजत होते, ते फक्त रविवार होते. तुम्ही दर रविवारी माझ्यासाठी येत होता, हे मी गृहीत धरलं होतं. ती वर राहत नसती तरी तुम्ही आला असतात का, बाबा? महिन्यातून एकदा तरी? याचं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता, आणि तो उत्तर न देता, सगळ्यांचा सन्मान घेऊन, पेपरात चार ओळींचा मजकूर छापून घेऊन निघून गेला.

हे पत्र मी कुणाला पाठवणार नाही. तुम्हाला पत्ता उरला नाही, आईला यात नवं काही नाही, आणि मुलाने वाचलं तर तो पुन्हा 'आई, खलास' म्हणेल. राग तसाच आहे. तो कमी व्हावा म्हणून लिहायला बसले नव्हते. फक्त त्या फोनचा शेवट लिहायचा राहिलाय, तो लिहिते आणि उठते.

फोन ठेवायच्या आधी आई म्हणाली, "एकदा काढ ना गं ती हाक. किती वर्षांत ऐकली नाही."

"गळा बसलाय माझा."

"खोटं बोलतेस."

"बोलतेय."

"राहू दे. मला येते." आणि तिने फोन कशाला तरी टेकवून उभा केला, तोंडाशी हात धरले, आणि काढली. आवाज थरथरत होता, वर नीट चढला नाही, पण शेवटी सोडायचा कसा ते तिला बरोबर माहीत होतं. ओ सुवाऽऽ. मग ती तशीच बसून राहिली आणि मीही. एवढं सगळं तुमच्याबद्दल कळल्यावरही, बाबा, मी फोन कानाला लावून, श्वास रोखून, आतल्या खोलीतून कुणी 'आलो' म्हणतंय का, ते ऐकत होते.